आलेखावर लिहिताना

[दृश्य: पांढऱ्या पडद्यावर चढत जाणारी करवती रेषा. बाकी काही नाही.]

ही रेषा चढत चालली आहे, आणि चढताना दरवर्षी एकदा वर जाऊन खाली येते आहे. एवढंच दिसतं. कशाची आहे ते तिच्याकडे बघून कळत नाही.

[दृश्य: रेषेच्या डाव्या टोकाशी मजकूर उमटतो.]

'१९५८, मौना लोआ : सुमारे ३१५ पीपीएम.' अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, ते वर्ष. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. पुढे एका दातावर बाण : 'मेमध्ये शिखर. मग उत्तर गोलार्धातली झाडं वाढीला लागतात आणि पातळी उतरते.' आणि उजवीकडे : 'मे २०१३, ४००चा टप्पा.'

आकडे तेच राहिले, पण रेषा आता वाचता येते.

हे काम पूर्वी हातानं होई. फ्रेंच अभियंता शार्ल मिनार यांनी १८६९ साली नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा नकाशा काढला, तेव्हा घटत्या सैन्याचे आकडे त्या निमुळत्या पट्ट्यालगतच लिहिले. सुरुवातीला ४,२२,०००, परतताना १०,०००. कुठला आकडा कुठे बसवायचा हे त्यांनी नजरेनं ठरवलं. त्यांचं एक बरं होतं, ती मोहीम संपलेली होती. कीलिंग यांची रेषा मात्र अजून वाढतेच आहे.

[दृश्य: कोडची खिडकी. एक ओळ टाइप होते.]

म्हणून शब्दही कोडनंच लिहायचे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब नावाचं साधन आहे. त्यातलं 'टेक्स्ट' हे फंक्शन नुसता मजकूर ठेवतं. 'अ‍ॅनोटेट' बाणही काढतं, आणि त्यासाठी दोन जागा मागतं : बाणाचं टोक कुठे, मजकूर कुठे. नवखा माणूस दोन्ही जागा आकडेवारीच्याच मापात देतो. टोक १९५८ आणि ३१५ वर, मजकूर १९६५ आणि ३५० वर. आज छान दिसतं. उद्या नवीन आकडे आले, अक्षाची पट्टी बदलली, की दोघांमधलं अंतर आक्रसतं आणि मजकूर रेषेवर जाऊन बसतो.

[दृश्य: अक्ष बदलतो. एक मजकूर रेषेवर आदळतो, दुसरा बाणाशी तेवढंच अंतर राखून राहतो.]

खरी गोम इथे आहे. टोक आकडेवारीला बांधायचं, पण मजकूर टोकापासून कागदाच्या मापात मोजायचा : वीस पॉइंट उजवीकडे, तीस पॉइंट वर. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, त्याला अक्षाशी देणंघेणं नाही. कोपऱ्यातली स्रोताची टीप तिसऱ्याच मापात जाते. आलेखाच्या चौकटीचा खालचा डावा कोपरा शून्य-शून्य, वरचा उजवा एक-एक. आकडे कितीही वाढोत, टीप जागची हलत नाही.

शिखराचा आकडाही हातानं टाइप करू नये. कमाल मूल्य कोडनंच शोधावं आणि बाण तिथे लावावा.

[दृश्य: ठिपक्यांचा आलेख, प्रत्येकाला नाव. सगळी नावं एकमेकांवर.]

गर्दी झाली की पायथनमध्ये अ‍ॅडजस्टटेक्स्ट आणि 'आर' या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत जीजीरिपेल ही तयार साधनं मदतीला येतात. नावांना एकमेकांपासून ढकलत ढकलत मोकळी जागा शोधतात. पण ठिपके वाढले की सर्वोत्तम मांडणी शोधणं संगणकालाही अवघड जातं, आणि खरं सांगायचं तर पन्नास नावं कुणी वाचत नाही. जे तीन ठिपके बोलतात, त्यांनाच नाव द्यावं.

[दृश्य: मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन.]

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण. मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या डेजाव्हू सॅन्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्ट बदलला तरी अनेकदा जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. त्यावर एक वाट आहे : आलेख एसव्हीजी या, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या चित्रफाइलच्या स्वरूपात जतन करायचा आणि 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप' ही सेटिंग 'नन' ठेवायची. मग अक्षरांची चित्रं होत नाहीत, मजकूर मजकूरच राहतो आणि जोडाक्षरं जुळवण्याचं काम ब्राउझर करतो.

[दृश्य: तीच रेषा ब्राउझरमध्ये, शेजारी मराठी मजकूर. श्रेयनामावली.]