हस्ताचा पाऊस आणि मुकादमाची उचल

मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, भोसे-नंदेश्वरच्या माळावर, दसरा जवळ आला की माणसं आभाळाकडे बघतात. हस्ताचा पाऊस पडला तर ज्वारीची पेर होते. नाही पडला तर रान तसंच काळं राहतं.

ही मालदांडी ज्वारीची जमीन. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार रयतेला खुलं केलं, तेही याच मंगळवेढ्यात. आणि इथलीच कुटुंबं आज ज्वारी रेशनवर शोधतात.

बोअर आटलेलं, लग्नाचं देणं अंगावर. मग ऊसतोडीच्या मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या माणसाकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते, बहुतेक वेळा पावसाळ्यातच. पुढे पाऊस आला तरी सुटका नाही. पेर म्हाताऱ्या आई-बापावर टाकून निघावं लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पाण्याचा बॅरल, तवा, पिठाचं पोतं, एखादी शेळी आणि शाळेतून काढलेली पोरं.

उसाच्या फडात पहाटे अंधारातच काम सुरू होतं. नवरा बुडख्याशी कोयता घालतो. बायको पाचट काढते, वाढं (उसाचा हिरवा शेंडा) छाटते, मोळी बांधते. ती मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढते, खाली उतरते, पुन्हा चढते. उसाच्या पानानं हात चिरलेले असतात. त्याच हातांनी रात्री कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भाकरी थापायची असते. एवढं करून हिशोबात नवरा-बायको दोघं मिळून एकच कोयता, म्हणजे मजुरीचं एकच एकक, आणि पैसे नवऱ्याच्या नावावर. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. आजारपणात पडलेला खाडा, म्हणजे बुडालेला दिवस, मात्र मजुरालाच भरून द्यावा लागतो.

आता हे फड कुठे आहेत ते बघा. कोणी कोल्हापूर-सांगलीला जातं, कोणी कर्नाटकात; पण कितीतरी टोळ्या पंढरपूर, माळशिरस, माढ्यातच उतरतात. म्हणजे आपल्याच सोलापूर जिल्ह्यात. भीमेवरच्या उजनी धरणात 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्याच्या कालव्यांवर ऊस वाढला, कारखाने वाढले. 2016 आणि 2024 च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात, म्हणजे वापरायच्या पाण्याच्या पातळीखाली, गेलं, तरी उसाची ओढ कमी झाली नाही. ज्यांच्या रानाला पाणी मिळालं नाही, तेच लोक शेजारच्या तालुक्यात जाऊन पाण्यावर वाढलेला ऊस तोडतात. याला नुसता निसर्गाचा कोप म्हणता येत नाही. पाणी कुठे न्यायचं, हे माणसांनी ठरवलेलं आहे.

एप्रिलच्या सुमाराला पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, हिशोब होतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि कुटुंब त्याच मुकादमाशी बांधलं जातं.

ऊस बारा महिने पाणी मागतो. ज्वारीला दाणा भरताना एक-दोन पाणी मिळालं तरी पीक हाती येतं. मंगळवेढा-सांगोल्याच्या शेवटच्या शिवारापर्यंत तेवढं पाणी आधी पोचवा. उसाला पाणी सोडण्याच्या पुढच्या पाळीचं त्यानंतर बघू.