‘गाडी स्लिप झाली’ याचे इंग्रजी

अध्यक्ष महोदय, शिक्षक मित्रहो आणि पालकांबरोबर आलेल्या विद्यार्थ्यांनो,

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय वाचून दोघातिघांनी मला दारातच विचारले की, इंग्रजी शिकवण्यासाठी मोटारसायकलींच्या शर्यतींपेक्षा बरे साहित्य मिळाले नाही का. मिळाले होते, आणि बरीच वर्षे मी तेच वापरत होतो. माझ्या संध्याकाळच्या वर्गाला येणारी मुले बहुतेक नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत किंवा गॅरेजमध्ये कामाला असतात, काही चाकण-आकुर्डीच्या कारखान्यांत पाळीवर जातात. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यात रविवारी बागेत सहलीला गेलेले एक कुटुंब असे. त्या कुटुंबाशी या मुलांना काही देणेघेणे नव्हते, आणि आज इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही की मलाही नव्हते.

२४ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मोटोजीपीची, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सर्वांत वरच्या जागतिक मालिकेची, भारतातली पहिली शर्यत झाली. मार्को बेझेक्की जिंकला, होर्हे मार्टिन दुसरा आणि फाबिओ क्वार्तारारो तिसरा आला. आदल्या वर्षीचा जगज्जेता फ्रान्चेस्को बान्याया दुसऱ्या क्रमांकावर असताना पडला. दुसऱ्या दिवशी वर्गातला एक विद्यार्थी, जो एरवी दोन ओळी वाचून पुस्तक मिटायचा, मोबाइलवर त्या शर्यतीचा पानभर इंग्रजी वृत्तांत उघडून माझ्यासमोर बसला. शर्यत त्याने शेवटपर्यंत पाहिली होती. त्याला एवढेच हवे होते की, बान्याया कसा पडला याचे वार्ताहराने काय कारण दिले आहे आणि त्यावर स्वतः बान्याया काय म्हणाला. त्या पानावरचे निम्मे शब्द त्याला अनोळखी होते, परंतु पानावर काय असणार हे त्याला ठाऊक होते. कोण कोणाच्या पुढे गेले, कोणत्या फेरीत गेले, कुठल्या वळणावर गडबड झाली, ही सगळी माहिती त्याच्यापाशी मराठीत तयार होती. त्यामुळे अनोळखी शब्द समोर आला की तो शब्दकोश उघडत नसे. इथे काय म्हणायचे असेल याचा अंदाज बांधी आणि तो अंदाज बहुधा बरोबर निघे. आपण वर्गात नेमके उलट करतो. अपरिचित प्रसंग अपरिचित भाषेत देतो, आणि मुलगा दोन्हीकडून अडकला की त्याचे इंग्रजी कच्चे आहे असा शेरा मारतो.

आता शब्दांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. पुण्यात पहिल्या पावसाच्या दिवशी रस्त्यावरचे तेल आणि धूळ ओली झाली की, दर चौकात कोणाची तरी गाडी ‘स्लिप’ होते. पुढचे चाक सरकले तरी गाडी स्लिप झाली, मागचे सरकले तरी स्लिप झाली, आणि कोणी मागून धक्का दिला तरी घरी सांगताना स्लिपच झाली. शर्यतीची इंग्रजी बातमी असे एका शब्दात भागवत नाही. गाडी वळणात झुकलेली असताना टायरची पकड सुटली आणि गाडी ज्या बाजूला झुकली होती त्याच बाजूला आडवी होऊन घसरत गेली, तर तो ‘लोसाइड’. मागचे चाक आधी घसरले आणि घसरता घसरता त्याला अचानक पुन्हा पकड मिळाली, तर दबलेले सस्पेन्शन उसळते, गाडी झटक्यात सरळ होते आणि स्वाराला विरुद्ध बाजूने हवेत फेकते, तो ‘हायसाइड’. मी हा फरक फळ्यावर चित्र काढून समजावू लागलो, तेव्हा एका पोराने खडू माझ्या हातातून घेतला आणि माझे चित्र दुरुस्त केले. शॉकॲब्सॉर्बर उघडून बसवणाऱ्या मुलाला स्प्रिंग कशी उसळते हे मी काय सांगणार! त्याला हवे होते ते फक्त दोन शब्द. ‘लो’ म्हणजे झुकलेली, खालची बाजू आणि ‘हाय’ म्हणजे वरची बाजू, एवढे कळल्यावर ते शब्द पाठ करण्याची गरजच उरली नाही.

पुढच्या टायरची पकड सुटली की वार्ताहर लिहितो, ‘ही लॉस्ट द फ्रंट’. शब्दाला शब्द लावला तर ‘त्याने पुढचे हरवले’ असा विनोदी अर्थ होतो, आणि वर्ग हसतो. ते हसणे मला फार उपयोगाचे वाटते, कारण शब्दशः भाषांतर कुठे कोसळते हे व्याकरणाच्या तासाला सांगून जितके पटत नाही तितके अशा एका वाक्याने पटते. ‘रॅन वाइड’ म्हणजे वळणाची रेषा सुटून बाहेरच्या अंगाला गेला, ‘क्रॅश्ड आउट’ म्हणजे पडून शर्यतीतूनच बाद झाला, ‘पुल्ड अवे’ म्हणजे मागच्यांपासून अंतर वाढवत निघून गेला, ‘हेल्ड ऑफ’ म्हणजे मागच्याला शेवटपर्यंत पुढे जाऊ दिले नाही. क्रियापद साधे, आणि त्याला चिकटलेला ‘आउट’, ‘अवे’, ‘ऑफ’ अर्थ फिरवणारा. आपल्याकडे ‘पडला’ आणि ‘पडून राहिला’, ‘गेला’ आणि ‘निघून गेला’ यांत जे घडते, त्याचीच ही इंग्रजी तऱ्हा आहे.

गाडी हा पुणेकराचा लाडका शब्द. सायकलींच्या शहराचे दुचाकींचे शहर झाले, तरी इथे स्कूटर, मोटारसायकल आणि चारचाकी या तिन्ही गाड्याच, आणि तिन्ही आपण ‘चालवतो’. त्यामुळे मुले हमखास ‘बाइक ड्राइव्ह करतो’ असे म्हणतात. शर्यतीच्या बातम्या महिनाभर वाचल्या की ही चूक आपोआप जाते, कारण तिथे मोटारसायकलवर बसणारा दर ओळीत ‘रायडर’ असतो, ‘ड्रायव्हर’ कधीच नसतो. ज्यावर पाय टाकून बसायचे ते ‘राइड’, मग तो घोडा असो, सायकल असो की दीडशे किलोंहून जड यंत्र. घोड्याचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो, ‘पॅडॉक’ (शर्यतीआधी घोडे किंवा गाड्या जिथे तयार ठेवतात ते आवार) आणि ‘पोल पोझिशन’ (सुटतानाची सर्वांत पुढची जागा) हे शब्दही घोड्यांच्या शर्यतींतूनच आलेले आहेत. आपल्या लष्कर भागातल्या रेसकोर्सवर जाणाऱ्या जुन्या मंडळींना पॅडॉक शब्द मोटोजीपीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. ते तिथे का जात असत, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

काही शब्द देवनागरीमुळे चकवतात. गाडी थांबवतो तो ‘ब्रेक’ आणि हाड मोडते तोही ‘ब्रेक’; आपण दोन्ही सारखेच लिहितो, इंग्रजीत मात्र दोघांची अक्षरे वेगळी. एकाच बातमीत कोणी उशिरा ब्रेक दाबतो आणि खांद्याचे हाड ब्रेक होते, तेव्हा ती दोन स्पेलिंगे शेजारी शेजारी येतात आणि लक्षात राहतात.

शब्दयोगी अव्ययांवर मी जरा अधिक थांबणार आहे, कारण आपली मुले सर्वांत जास्त चुकतात ती तिथेच. मराठीत ‘असेनला’, ‘असेनमध्ये’, ‘असेन येथे’ यांपैकी काहीही म्हटले तरी चालते. इंग्रजी इतके उदार नाही. फ्रान्चेस्को बान्याया २०१६ मध्ये नेदरलँड्समधील असेनच्या ट्रॅकवर महिंद्राच्या गाडीवर मोटो-थ्री, म्हणजे सर्वांत लहान इंजिनांच्या वर्गाची शर्यत जिंकला आणि एका भारतीय कंपनीला जागतिक अजिंक्यपद मालिकेतला पहिला विजय मिळाला, ही गोष्ट माझ्या वर्गाला इतकी आवडते की तिच्यावरच मी हा धडा रचला आहे. ‘बान्याया वन ॲट असेन, इन द नेदरलँड्स, ऑन अ महिंद्रा, इन २०१६.’ ठिकाणाला ‘ॲट’, देशाला ‘इन’, गाडीवर बसला म्हणून ‘ऑन’, वर्षाला पुन्हा ‘इन’. शर्यत रविवारी असते म्हणून ‘ऑन संडे’, आणि दोन दशांश सेकंदांनी जिंकला तर ‘बाय टू टेन्थ्स’. हा ‘बाय’ मुलांना फार जड जातो, कारण त्यांच्या डोक्यात ‘बाय’ म्हणजे ‘कडून’ असे घट्ट बसलेले असते. मग मी विचारतो, ‘कितीने जिंकला?’ त्या ‘कितीने’मधला ‘ने’ म्हणजेच हा ‘बाय’. आपल्याच विभक्तीच्या प्रत्ययात उत्तर असताना आपण ते नियमांच्या तक्त्यात शोधत असतो.

बातमीलेखनाची एक खोड मात्र नवशिक्याला चांगलीच गोंधळात टाकते. एकदा एका विद्यार्थ्याने वृत्तांत वाचून मला सांगितले की, आघाडीसाठी चार जण झुंजत होते. मी पाहिले तर दोघेच होते. लेखकाने बान्यायाला पहिल्या ओळीत नावाने, दुसरीत ‘द इटालियन’, तिसरीत ‘द डुकाटी रायडर’ आणि पुढे ‘द डबल चॅम्पियन’ म्हटले होते, कारण तेच नाव पुन्हा पुन्हा लिहिणे इंग्रजी क्रीडावार्ताहरांना कमीपणाचे वाटते. मला स्वतःला हा सोस काही फारसा रुचत नाही. परंतु ‘द’ म्हणजे ‘तोच, ज्याच्याविषयी आत्ता बोललो’ हे शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला सापडलेली नाही. मराठीत असे उपपद नसल्यामुळे त्याची गरज काय, हेच मुलांना उमगत नाही. चार स्वार मोजून फजिती झाली की उमगते.

दुसरी खोड अधिक महत्त्वाची आहे. आपण शर्यतीची हकिकत सांगताना सुरुवातीपासून सांगतो: दिवे विझले, गाड्या सुटल्या, अमका पुढे गेला. बातमी निकालापासून सुरू होते आणि मग मागे जाते. मागे जायचे म्हटले की भूतकाळाच्याही मागचा काळ लागतो, आणि म्हणूनच जो ‘हॅड’ वर्गात कृत्रिम वाटतो तो बातमीत अपरिहार्य होतो. १९ जुलै २०२० रोजी स्पेनमधील हेरेस येथे काय झाले ते पाहा. स्पेनचा स्वार मार्क मार्केझ सुरुवातीलाच रेषा सुटून ट्रॅकबाहेरच्या खडीत गेला, खूप मागे पडला, एकेकाला ओलांडत तिसऱ्या क्रमांकापर्यंत आला आणि शर्यत संपायला थोड्याच फेऱ्या उरल्या असताना हायसाइड होऊन त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. बातमीने सुरुवात केली ती क्वार्तारारोच्या विजयाने आणि मार्केझच्या हाडाने. त्यानंतर तो खडीत ‘हॅड गॉन’, मागे ‘हॅड ड्रॉप्ड’ असे लिहिल्याशिवाय घटनांचा क्रम कळणारच नाही. मी मुलांना अशी बातमी देतो आणि कागदावर ती उलटी करून, म्हणजे सुरुवातीपासून, लिहायला सांगतो. सगळे ‘हॅड’ गळून पडतात. मग पुन्हा निकाल वर न्यायला सांगतो, आणि ‘हॅड’ परत येतात. या एका खेळाने जे साधते ते रिकाम्या जागा भरून कधी साधलेले मी पाहिले नाही.

त्याच शर्यतीतून पुढचे पाऊलही पडते. तिसऱ्या क्रमांकाला सोळा गुण मिळतात. त्याने तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानले असते तर तो पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावर, उभा राहिला असता: ‘इफ ही हॅड सेटल्ड फॉर थर्ड, ही वुड हॅव फिनिश्ड ऑन द पोडियम.’ हे ‘असते तर असता’ आपल्या कट्ट्यावर रोज चालू असते, आणि हेरेसच्या त्या दिवसाबद्दल माझ्या वर्गात अजूनही चालते. त्या हातावर पुढे चार शस्त्रक्रिया झाल्या, आणि २०२५ च्या सप्टेंबरात जपानमधील मोतेगी येथे मार्केझने पुन्हा जगज्जेतेपद मिळवले. त्या आठवड्यात ‘कमबॅक’ या शब्दावर वेगळा तास घ्यावा लागला नाही.

मुलांना धीर देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे स्वारांच्या मुलाखती. आघाडीचे बरेचसे स्वार स्पेन आणि इटलीचे, क्वार्तारारो फ्रान्सचा. पत्रकार परिषद मात्र इंग्रजीत होते. त्यांची इंग्रजी वाक्ये तोकडी असतात, काळ चुकतात, उच्चार आपापल्या गावचे असतात, तरीही टायर कोणत्या फेरीपासून साथ सोडू लागला हे ते असे सांगतात की समोरच्या वार्ताहराला शंका उरत नाही. इंग्रजी बोलायचे तर साहेबासारखे, ही आपल्याकडची जुनी भीती अशा वेळी थोडी सैल होते.

या पद्धतीच्या मर्यादा मी लपवणार नाही. शर्यतीच्या बातम्या वाचून बँकेला अर्ज लिहिता येत नाही. मथळ्यांवर भाषा शिकू नये, कारण मथळ्यात जागा वाचवण्यासाठी ‘अ’, ‘द’ गाळतात आणि काल झालेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात. मुले तेच बोलण्यात आणतात. मुलींच्या वर्गात हा विषय चालणार नाही असे मला सांगण्यात आले होते, ते खोटे ठरले. पण ज्याला शर्यतीत रस नाही त्याच्यावर ती लादली, तर आपण पुन्हा त्या बागेतल्या कुटुंबापाशीच येऊ. आणि ‘लेट ब्रेकिंग’ हा शब्द शिकवताना तो कात्रजच्या घाटात वापरायचा नाही, हेही मी दर वेळी बजावतो. हेल्मेटसक्तीवर वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्या शहरात ते बजावावेच लागते.

मघाशी ज्या मुलाने माझे चित्र दुरुस्त केले असे मी सांगितले, तो गेल्या पावसाळ्यात स्वारगेटजवळ पडला. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. गाडीचे मात्र बरेच नुकसान झाले. विम्याच्या अर्जात अपघाताचे कारण इंग्रजीत लिहायचे होते. पूर्वी तो असा कागद घेऊन माझ्याकडे कोराच आला असता. या वेळी त्याने स्वतःच लिहून आणला होता: ‘लॉस्ट द फ्रंट ऑन वेट रोड.’ मी ‘लॉस्ट’च्या आधी ‘आय’ घातला आणि ‘वेट’च्या आधी ‘अ’. मथळ्यांचीच सवय ती. कागद परत घेताना त्यानेच मला विचारले, ‘सर, हेडिंगसारखं झालं होतं ना?’