पीक मोजणाऱ्या गावची पोरगी

[बुटाचा तळ, अगदी जवळून]

हा जो बूट दिसतोय ना, त्याची किंमत तिच्या वडलांच्या महिन्याच्या मजुरीपेक्षा जास्त आहे. आणि तो विकत घेतलेला नाहीये, शूटसाठी मागून आणलाय, संध्याकाळी परत द्यायचाय. म्हणून तळाला मास्किंग टेप. आधी टाचेला लावायचा, मग पुढच्या भागाला, मग कडेनं ब्लेड फिरवून जास्तीचा कापून टाकायचा, म्हणजे कॅमेऱ्यात टेप दिसत नाही आणि मॉडेल फरशीवर कितीही चालली तरी तळाला ओरखडा येत नाही. ओरखडा आला की बूट परत घेत नाहीत, पैसे भरायला लागतात. ते कुणी भरायचे हे बऱ्याचदा आधी ठरलेलंच नसतं.

टेप लावणारी ही मुलगी २२ वर्षांची आहे, इचलकरंजीची. मुंबईत फॅशन शूटच्या स्टायलिस्टची, म्हणजे मॉडेलनं काय घालायचं ते ठरवणाऱ्याची, असिस्टंट म्हणून काम करते. तिचं नाव आम्ही सांगत नाही आहोत, कारण या धंद्यात पुढचं काम फोनवरच मिळतं आणि फोनवरच जातं.

[यंत्रमागाचा कारखाना, इचलकरंजी]

हा आवाज आम्ही वाढवलेला नाही, एवढाच असतो. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि तेव्हापासून हे गाव कापडावरच जगतंय. हे तिचे वडील, एका वेळी चार माग बघतात. तुटलेला धागा कसा सांधतात बघा, माग बंद करून, दोन बोटांत पीळ देऊन, परत चालू, सगळं एका दमात. आणि ही आई, कांडी मशीनवर. आडवा धागा घेऊन पळतो तो धोटा, त्यात बसते ती धाग्याची कांडी इथं भरली जाते, एक भरली की काढायची, रिकामी लावायची, हात थांबतच नाहीत.

इथली मजुरी पिकावर ठरते. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक आडवा धागा पडतो, तो एक पीक. ५२ पिकाच्या, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे असलेल्या कापडाला मीटरमागे किती पैसे, हा इथला दर, आणि या दरासाठी इचलकरंजीत मोर्चे निघालेत, संप झालेत, मालक आणि युनियन पहाटेपर्यंत बसलेत. दर कमी आहे असं म्हणणारे हजार भेटतील, पण काम करून घेतलं आणि दरच सांगितला नाही असं इथं चालत नाही. ही मुलगी त्या घरात वाढलीय, रात्री जेवताना आज किती मीटर पडलं हे ऐकत.

[लेडीज डबा, सकाळ]

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं ती मुंबईला आली तेव्हा तिच्याकडे एक बॅग आणि ओळखीच्या एका ताईचा पत्ता होता. आता कांजूरमार्गला एका खोलीत पाच जणी राहतात. भाडं, डिपॉझिट, ब्रोकरचं एक महिन्याचं कमिशन, पोलीस व्हेरिफिकेशन, ते सगळं इथं येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असतंच, ते सोडून देऊ. बघायचंय ते हे, दादरचा पूल. दोन्ही खांद्यांवर कव्हरमधले ड्रेस, एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात कपड्यांना वाफ द्यायचा स्टीमर, आणि मागून येणारी गर्दी. ड्रेस दुमडायचा नाही, जमिनीला टेकवायचा नाही, म्हणून हात पूर्ण वर. टॅक्सीनं जायचं तर आधी स्वतःच्या खिशातून द्यायचे, पावती जपून ठेवायची, आणि पैसे परत मिळायची वाट बघायची.

"मला वाटलेलं डिझाईन शिकायला मिळतंय. इथं आलो तर आधी बॅगाच उचलायच्यात," ती सांगते. तक्रारीच्या सुरात नाही, हसत हसत सांगते, पण आम्ही ते ऐकून हसलो नाही.

[मंगळदास मार्केट]

आता ही गल्ली बघा. क्रॉफर्ड मार्केटच्या समोर, आत शिरलं की दोन्ही बाजूंनी ठाणच ठाण, वरपर्यंत. नवीन माणूस इथं गोंधळून जातो आणि बरेच जण पहिल्या दुकानातच फसतात. ही कापड डोळ्यांनी बघतच नाही, आधी अंगठा आणि बोटात धरून चुरगाळते, मग सोडते, मग उजेडाकडे धरते. विणीत कुठं पट्टा पडलाय, कुठं धागा सुटलाय, दुकानदाराच्या आधी तिला कळतं. त्या काकांनी तिला विचारलंच, "कुठली गं तू?" इचलकरंजी म्हटल्यावर त्यांनी आतलं ठाण काढलं. हे शॉट आम्ही ठरवून घेतलेले नाहीत, कॅमेरा चालू होता म्हणून मिळालं. हे तिला कुठल्या फॅशन कॉलेजनं शिकवलेलं नाही, आणि शूटच्या दिवशी या नजरेची कुणी वेगळी किंमत करत नाही.

इथून भुलेश्वर. बटणं, लेस, हुक, एका जॅकेटला मॅचिंग बटण मिळेना म्हणून तीन गल्ल्या. मिळालं.

[स्टुडिओ, लोअर परळ]

हा स्टुडिओ जुन्या मिलच्या आवारात आहे, ती चिमणी अजून उभी आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. तिचे आजोबा त्यातलेच, गावी जाऊन मागावर उभे राहिले. आज नात त्याच आवारात कपडे घेऊन आलीय, आणि गेटवर तिची बॅग तपासली गेली.

आत आल्या आल्या काम काय असतं ते नीट बघा, कारण छापलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. प्रत्येक कपडा कव्हरमधून काढायचा, आधी मोबाईलवर फोटो, प्रत्येक बटणाचा, प्रत्येक टिकलीचा, म्हणजे नंतर कुणी तुझ्याकडूनच तुटलं म्हणायला नको. मग स्टीम, पण जरीवर लांबून आणि रेशमावर उलट्या बाजूनं. मॉडेलला ड्रेस घालताना तिच्या तोंडावर हा पातळ स्कार्फ टाकतात बघा, मेकअप कॉलरला लागू नये म्हणून. ड्रेस ढगळ होतोय? मग पाठीमागे चिमटे. समोरून अगदी मापाचा शिवलेला वाटतोय, पाठीकडून चिमट्यांची रांग. दिवे लागले, क्लिक झालं, परत धावत जाऊन खांद्यावरचा एक धागा काढायचा. दिवसभर हेच. जेवण सगळ्यात शेवटी.

फोटो येतो तेव्हा खाली फोटोग्राफरचं नाव असतं, स्टायलिस्टचं असतं, मेकअपचं, हेअरचं. असिस्टंटचं कधी असतं, कधी नसतं. भरतकाम करणाऱ्याचं तर आम्ही शोधून शोधून थकलो.

[कोल्हापुरी चपलेचा कारागीर]

आणि नावाचा विषय तिच्या कोल्हापूर जिल्ह्याला नवीन नाहीये. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालं, म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्या कारागिरांचंच अशी सरकारी नोंद, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं थेट तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचा उल्लेखसुद्धा नव्हता. इथं ओरड झाली, मग त्यांनी मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला बोलतं करता येतं, तर एका शूटच्या खाली दोन नावं जास्त टाकायला काय हरकत आहे, हे आम्हाला खरंच कळत नाही.

[परतीच्या बॅगा, रात्र]

पहिले काही महिने तिला पैसे मिळालेच नाहीत, शिकायला मिळतंय ना, ओळखी होतायत ना, असंच उत्तर. वडलांनी हातउसने घेऊन पाठवले, मध्ये आजारी पडून ती गावी जाऊन राहिली, परत आली.

घरी गेली होती तेव्हा वडलांनी एकच विचारलं, "दर काय ठरलाय?" तिच्याकडे उत्तर नव्हतं.

आता आहे. कामाचा फोन आला की हो म्हणायच्या आधी ती मेसेज टाकते: दिवसाचे किती, प्रवास वेगळा का, बिल किती दिवसांत निघणार, नाव टाकणार का. काही जण वाचतात आणि गप्प बसतात, एकानं तर एवढे प्रश्न विचारणाऱ्या मुली आम्हाला नकोत असं सरळ लिहिलं. पण काही उत्तर देतात, आणि त्यांच्याकडेच ती जाते. तिच्यासोबत राहणाऱ्या दोघींनी तोच मेसेज कॉपी करून वापरायला सुरुवात केलीय.

पुढचं शूट मंगळवारी आहे, मुंबईतच महालक्ष्मीला, सकाळी सहाचा कॉल, म्हणजे सहाला तिथं हजर. अर्धे पैसे आधी आलेत. नाव टाकायचं अजून ठरलेलं नाही, ती परत विचारणार आहे.