पॅट समिट यांचा रिबाउंड

[दृश्य: जुनी छायाचित्रं]

१९७४. अमेरिकेतलं नॉक्सव्हिल, टेनेसी विद्यापीठ. महिला बास्केटबॉल संघाची जबाबदारी २२ वर्षांच्या पॅट समिट यांच्यावर येते. पगार महिना २५० डॉलर. संघाची व्हॅन त्याच चालवायच्या, खेळाडूंचे कपडेही त्याच धुवायच्या.

राज्यातल्या शाळांत मुली तेव्हा सहा-सहाच्या संघानं खेळत. तिघी बास्केट करणार, तिघी अडवणार, मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. म्हणजे अडवणाऱ्या मुलीनं शाळेच्या सामन्यात एकदाही रिंगकडे चेंडू टाकलेला नसायचा. कॉलेजच्या पाच जणींच्या खेळात तिला शिष्यवृत्ती कोण देणार? समिट यांनी या नियमाविरुद्ध उघड भूमिका घेतली. १९७९ मध्ये नियम गेला. मुलींना अख्खं मैदान मिळालं, आणि हे त्यांच्या कुठल्याही करंडकाएवढंच मोठं काम आहे.

[दृश्य: सराव]

समोरच्या संघात मुलगे दिसतायत. हे विद्यापीठाचेच विद्यार्थी, सरावापुरते येणारे. सामन्यात भेटेल त्याहून उंच आणि ताकदवान प्रतिस्पर्धी मुलींना रोज अंगावर घ्यावा लागतो.

आता चेंडू सोडा, पाय बघा. शॉट सुटला की नवखी मुलगी मान वर करून चेंडू बघत राहते, तेवढ्यात तिची प्रतिस्पर्धी बाजूनं आत शिरते. बॉक्स-आऊट, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू आपल्याला मिळावा म्हणून प्रतिस्पर्धीला पाठीमागे रोखणं, इथेच फसतो. आधी आपली प्रतिस्पर्धी शोधायची, एक पाऊल तिच्याकडे टाकून हाताचा आडवा स्पर्श द्यायचा, मग गिरकी घेऊन तिला पाठीमागे घ्यायचं. पाय खांद्यांहून रुंद, गुडघे वाकलेले, कोपरं वर. चेंडूकडे बघायचं ते यानंतर. आणखी एक चूक सर्रास होते, थेट रिंगखाली जाऊन उभं राहण्याची. तिथे चेंडू डोक्यावरून निघून जातो. कोपऱ्यातून चुकलेला लांबचा शॉट बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो, म्हणून त्या बाजूच्या मुलीनं आपल्या प्रतिस्पर्धीला चार पावलं बाहेरच रोखायचं असतं.

ऐका, ती मुलगी काय म्हणाली? ‘रिबाउंड.’ म्हणजे चुकलेल्या शॉटचा परतलेला चेंडू पकडणं. समिट यांच्या सरावाची ही शिस्तच. कोचनं चूक दाखवली की डोळ्याला डोळा भिडवून ‘रिबाउंड’ म्हणायचं, कौतुक केलं तर ‘टू पॉइंट्स’. सबब नाही, मान खाली घालणं नाही. सांगितलेलं पोचलं, एवढीच पोचपावती. आमच्या मते कॉलेजच्या कोचकडून शिकण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. अठरा-वीस वर्षांच्या मुलीला दिवसभरात पन्नास चुका दाखवायच्या आणि तरी तिनं एकावन्नावी ऐकायला उभं राहायचं, तर दोघींमध्ये अशी काहीतरी ठरलेली रीत लागते.

[दृश्य: वर्ग]

वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, विनाकारण दांडी मारली तर सामना बुडाला. टेनेसीत खेळाची मुदत पूर्ण केलेली त्यांची प्रत्येक खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडली.

[दृश्य: करंडक]

३८ हंगाम, १०९८ विजय, ८ राष्ट्रीय विजेतेपदं. २०११ मध्ये अल्झायमरचं निदान झालं, तरी पुढचा हंगाम त्या कोच म्हणून बाकावर होत्या. २०१२ मध्ये संघ हॉली वॉरलिक यांच्याकडे गेला. वॉरलिक समिट यांच्याच हाताखाली खेळलेल्या, १९८५ पासून त्यांच्या सहायक.