बातमीच्या मागची नोंद

(दृश्य: सेन नदीकाठचा रस्ता, लूव्रची दगडी भिंत, वरच्या मजल्याची बाल्कनी)

19 ऑक्टोबर 2025. रविवार. सकाळचे साडेनऊ. पॅरिसचं लूव्र संग्रहालय नुकतंच उघडलंय. नदीच्या बाजूला एक ट्रक येऊन थांबतो. घरसामान वरच्या मजल्यावर चढवायची यांत्रिक शिडी त्यावर बसवलेली आहे. त्या शिडीनं दोघं बाल्कनीत चढतात, खिडकी कापतात आणि अपोलो दालनात शिरतात. आठ मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. फ्रान्सच्या राजघराण्यांचे आठ दागिने गेलेले असतात.

दोन दिवसांत जगभरच्या बातम्यांमध्ये एक आकडा पक्का झाला. 8 कोटी 80 लाख युरो. त्यानंतर त्या दागिन्यांची ओळख म्हणजे हा आकडाच.

मी अभिरक्षक आहे. संग्रहालयातल्या वस्तू सांभाळायच्या, त्यांच्याविषयी जे जे कळेल ते लिहून ठेवायचं आणि ते लोकांपर्यंत न्यायचं, हे माझं काम. चोरीची बातमी आली की लोक किंमत विचारतात. माझ्या मनात आधी येतं, या वस्तूबद्दल काय लिहून ठेवलंय? फोटो कोणत्या बाजूनं काढलेत? जुनी डागडुजी कुठे झाली होती, ते नोंदवलंय का?

(दृश्य: हिरेजडित ब्रोचचा जुना फोटो)

चोरीला गेलेला हा एक दागिना पाहा. एकोणिसाव्या शतकातली फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिचा, रिबिनीच्या गाठीसारखा दिसणारा ब्रोच, म्हणजे कपड्यावर टाचायचा दागिना. 1887 मध्ये फ्रान्सच्या प्रजासत्ताकानं राजघराण्याच्या दागिन्यांचा लिलाव केला. राजेशाही परत येऊ नये, तिची चिन्हंही हाताशी उरू नयेत, हा त्यामागचा हेतू. हा ब्रोच तेव्हा अमेरिकेतल्या अ‍ॅस्टर घराण्यात गेला. शंभराहून अधिक वर्षांनी, 2008 मध्ये, लूव्रनं तो मोठ्या प्रयत्नानं परत मिळवला. म्हणजे एका देशानं आपला इतिहास आधी विकला, मग पुन्हा विकत घेतला आणि सतरा वर्षांनी गमावला. मला विचाराल तर खरी बातमी ही होती. ती फारच थोड्या ठिकाणी वाचायला मिळाली.

चित्र चोरणं आणि दागिना चोरणं यांत मोठा फरक आहे. 1911 मध्ये लूव्रमधूनच मोनालिसा चोरीला गेली होती. दोन वर्षांनी चोर ती फ्लॉरेन्समध्ये विकायला गेला आणि पकडला गेला. साऱ्या जगाला माहीत असलेला चेहरा विकणार कुणाला? सोन्याचं मात्र तसं नसतं. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या मांचिंगच्या संग्रहालयातून युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांची 483 सोन्याची नाणी चोरीला गेली. पुढच्या वर्षी पोलिसांनी संशयितांना पकडलं, तेव्हा हाती लागलेल्या सोन्यात होते वितळवलेले गोळे. दोन हजार वर्षं जमिनीखाली टिकलेली नाणी होती ती. ते सोनं त्याच नाण्यांचं, हे तपासता आलं, कारण त्या नाण्यांच्या धातूचा अभ्यास आधीच झालेला होता. नाणी परत आली नाहीत. त्यातल्या काहींचं काय झालं, एवढं तरी कळलं.

(दृश्य: संग्रहालयाचं कोठार, लांबच लांब खण)

आता लंडन. ऑगस्ट 2023 मध्ये ब्रिटिश म्युझियमनं जाहीर केलं की त्यांच्या संग्रहातल्या वस्तू हरवल्या आहेत, चोरीला गेल्या आहेत, काहींची नासधूस झाली आहे. संख्या दोन हजारांच्या घरात. इथे खिडकी कुणी कापली नव्हती. कोरीव रत्नं आणि सोन्याचे छोटे दागिने कोठारातून वर्षानुवर्षं गुपचूप बाहेर जात होते आणि ऑनलाइन बाजारात विकले जात होते. एका जाणकार विक्रेत्यानं ते ओळखलं आणि 2021 मध्येच संग्रहालयाला कळवलं. तरी दखल घ्यायला दोन वर्षं लागली. संचालकांना पद सोडावं लागलं.

हे इतकी वर्षं कसं चाललं? त्यातल्या बऱ्याचशा वस्तूंची स्वतंत्र नोंदच झालेली नव्हती. ज्या वस्तूला क्रमांक नाही, फोटो नाही, ती नाहीशी झाली तरी खणात काही कमी झालंय असं दिसत नाही. शोधायची तर कशाच्या आधारे? ती आमची आहे हे सिद्ध करायचं तर कसं? या संग्रहालयात सुमारे 80 लाख वस्तू आहेत. घोटाळा उघडकीस आल्यावर त्यांनी पाच वर्षांत संपूर्ण संग्रहाची डिजिटल नोंद पुरी करायचं जाहीर केलं.

नोंदणीच्या कामाला वाहवा मिळत नाही. नवं दालन उघडलं की फीत कापायला पाहुणे येतात, पैसाही येतो. कोठारातल्या जुन्या पेट्या उघडून एकेक मणी मोजायला आणि त्याचं वर्णन लिहायला माणसं नेमा म्हटलं की निधी आटतो. या कामाला कमी लेखलं जातं याचा मला मनापासून राग येतो, कारण नुकसान झालं की सगळे आमच्याकडे हीच कागदपत्रं मागायला येतात.

चित्रांवर सूप फेकल्याच्या बातम्याही तुम्ही पाहिल्या असतील. 2022 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर आंदोलकांनी टोमॅटो सूप फेकलं. समोर काच होती म्हणून चित्र वाचलं, चौकटीला इजा झाली. त्याची चर्चा भरपूर झाली, त्यात मी आणखी भर घालत नाही.

(दृश्य: रिओ दि जानेरो, जळलेल्या इमारतीच्या छत नसलेल्या भिंती)

2 सप्टेंबर 2018 च्या रात्री ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह, त्यातला बहुतेक भाग राख झाला. सुरुवात एका वातानुकूलन यंत्रापासून झाली, असं तपासात आढळलं. मूलनिवासींच्या भाषांची ध्वनिमुद्रणं गेली. आगीनंतर विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, तुम्ही काढलेले फोटो पाठवा. सहलीला आलेल्या माणसांनी सहज टिपलेली छायाचित्रं आता त्या वस्तूंची नोंद झाली.

याच संग्रहालयाला 2024 मध्ये डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयानं एक वस्तू दिली. लालभडक पिसांचा प्रावार, म्हणजे अंगावर पांघरायचा झगा, ब्राझीलच्या मूलनिवासी तुपिनांबा लोकांचा. कोपनहेगनच्या नोंदींत तो 1689 पासून आहे. या लोकांसाठी तो नुसतं वस्त्र नाही, जिवंत पूर्वज आहे. तो पोचला तेव्हा त्याचं विधिवत स्वागत आपल्याला करता आलं नाही, अशी तक्रार त्यांनी केली. ती रास्त होती. तापमान, आर्द्रता, प्रकाश यांची काळजी आम्ही घेतो, पण त्या वस्तूपुढे आधी कुणी उभं राहायचं, हा रकाना आमच्या अर्जांत नसतो. तो असायला हवा.

(दृश्य: बेनिनची पितळी फलकशिल्पं)

बेनिनच्या शिल्पांच्या बाबतीत हाच प्रश्न आणखी मोठा झालाय. 1897 मध्ये ब्रिटिश सैन्यानं आजच्या नायजेरियातलं बेनिनचं राज्य जिंकलं आणि राजवाडा लुटला. ती शिल्पं युरोप-अमेरिकेभर पांगली. 2022 मध्ये जर्मनीनं त्यातली काही परत दिली. 2025 मध्ये नेदरलँड्सनं 119 दिली. दरम्यान, जगभर विखुरलेल्या पाच हजारांहून अधिक वस्तूंची नोंद संगणकावर एकत्र आणली गेली. कुणीही ती पाहू शकतं. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारकुनानं हे फलक कुणाकडून आले, ते वहीत लिहून ठेवलं नसतं, तर आज परत मागायला आधार कशाचा घेतला असता?

परत आल्यावरही वाद मिटत नाहीत. 2023 मध्ये नायजेरियाच्या सरकारनं या ठेव्याचा मालक म्हणून बेनिनच्या राजाला, म्हणजे ओबाला, मान्यता दिली. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये बेनिन शहरात नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाआधी आंदोलक आवारात घुसले. संग्रह राजवाड्याच्या ताब्यात हवा, ही त्यांची मागणी. त्या मागणीत लुटीची 128 वर्षांची जखम आहे, ती मी हलकी मानत नाही. पण उद्या ही शिल्पं राजवाड्यात गेली किंवा संग्रहालयात, दोन्हीकडे कुणाला तरी बसून पहिल्या पानावर लिहावं लागेल, कोणत्या फलकाला कुठे तडा आहे, तो कुठून आला आणि कुणाच्या हातून.