कॅप्सूल बदलायच्या आधी : घरच्या रेकॉर्डिंगचे छोटे कंडेन्सर माईक

मागं येतंय ना ऐकू? पंखा एकवर करा फक्त, बंद नको, नाहीतर निम्मे लोक चहाला म्हणून उठतील ते परत यायचे नाहीत. पंखा मुद्दामच चालू ठेवायला सांगतोय, त्याचं काम शेवटी आहे.

मला आधीच फोनवर चारजणांनी विचारलंय, सर माईक कुठला घेऊ. ते मी आज सांगणार नाही. माझी झालेली फजिती सांगतो, त्यातून तुमचे पैसे वाचले तर बघा.

स्वस्तातली पेन्सिल माईकची जोडी घेतली होती, म्हणजे ते बारीक दांड्यासारखे छोट्या डायफ्रामचे, आतला पडदा छोटा असलेले असतात ते. त्यातल्या एकाची कॅप्सूल, म्हणजे तोंडाकडचा आवाज पकडणारा भाग, काढून चांगली बसवली, कपॅसिटर बदलले, दोन रविवार गेले त्यात. मग घरी मित्र जमवले, एक तबल्याचा, एक लग्नाच्या ऑर्केस्ट्राला मिक्सर बघणारा, असे सहाजण, आणि आधीचं-नंतरचं वाजवून दाखवलं. सगळे म्हणाले नाद खुळा! मीपण दोन दिवस हवेत. मग सहज मीटर बघितला तर मॉड केलेला, म्हणजे असा फेरफार केलेला माईक सुमारे चार डेसिबल, म्हणजे डीबी, मोठा वाजत होता, एवढंच. लेव्हल जुळवून, कुठला कुठला ते न सांगता परत ऐकवलं तर तिघांनी जुनाच भारी म्हणून सांगितला. त्यात तो मिक्सरवालापण.

कानाचं असंच असतंय, जरा मोठं वाजलं की खोलपण वाटतं, स्वच्छपण वाटतं. त्यामुळं तुलना करायची तर पहिलं काम लेव्हल. एका स्पीकरवरून पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांतला एकसारखा खरखराट सोडा, दोन्ही माईक एकाच अंतरावर ठेवा आणि अर्ध्या डीबीच्या आत आणा. दुसरं, दोन्हीची तोंडं एकाच दिशेला, शेजारी-शेजारी चिकटवून लावा आणि एकाच वेळी रेकॉर्ड करा, आधी एक टेक मग दुसरा टेक असं नको, गाणारा दोनदा सारखं गात नसतो. आणि चिकटवून म्हणजे चिकटवूनच, कारण १० हजार हर्ट्झची लाट साडेतीन सेंटिमीटरचीसुद्धा नसते, माईक चार बोटं लांब गेला की वरचा आवाज आपोआप वेगळा येतो आणि तुम्ही म्हणणार कॅप्सूलचा फरक आहे. मग जागा अदलाबदल करून परत एकदा. कंटाळवाणं आहे, पण दोन रविवार घालवण्यापेक्षा बरं.

आता आत काय असतं ते थोडक्यात. कंडेन्सर माईक म्हणजे एक पातळ पडदा आणि त्याच्यामागं एक प्लेट, दोन्ही मिळून कपॅसिटर, पडदा हलला की व्होल्टेज हलतं. बेल लॅब्जमध्ये १९६२ साली सेसलर आणि वेस्ट या दोघांनी पातळ फिल्मचा इलेक्ट्रेट केला, म्हणजे चार्ज कायमचा भरून ठेवलेला, त्यामुळं माईक स्वस्त झाले आणि आज तुमच्या हेडसेटमध्येपण तेच तत्त्व आहे. फँटमचे, म्हणजे माईकला त्याच्याच तारेतून मिळणारे ४८ व्होल्ट कुठून आले याची गोष्ट मला फार आवडते, नॉर्वेच्या रेडिओकडं इमर्जन्सी दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाईन होतीच, तर १९६६ मध्ये जर्मनीच्या नॉयमन कंपनीनं त्यांच्यासाठी माईक त्याच व्होल्टेजवर चालवला आणि पुढं सगळ्या जगानं तेच धरलं. जुगाड फक्त आपणच करतो असं काही नाही.

छोट्या डायफ्रामचा फायदा असा की बाजूनं आलेला आवाजही फारसा बिघडत नाही आणि हलगीची थाप, तारेचा टणत्कार नीट पकडला जातो. तोटा एकच पण मोठा, स्वतःची सूं जास्त. मोठ्या डायफ्रामचे चांगले माईक दहा डीबीच्या आत असतात, छोटे साधारण पंधरा-वीसच्या घरात. हलगीला काय फरक पडतोय, ती सगळ्यांना झोपवते. पण तानपुरा लावा! आपलं कोल्हापूर गाण्याचं गाव, गाण्याची संस्था देवल क्लब १८८३ पासूनची, मिरज तासाभरावर, तिथला तानपुरा बऱ्याच घरात असतोच. जवारीचा तो बारीक झंकार आणि माईकची सूं दोन्ही वरच्या पट्टीत एकमेकात मिसळतात आणि मग नॉइज रिडक्शन लावलं की सूंबरोबर जवारीपण जाते, राहतो नुसता घुमा. म्हणून माझं मत, मॉड करायचं असेल तर आवाजाचा रंग बदलायला करू नका, तो इक्यूनंपण, म्हणजे पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या बटणांनीपण बदलतो. सूं कमी करायला करा, ती इक्यूनं जात नाही.

आणि इथं आपला पावसाळा येतो. जुलैमध्ये रंकाळ्यावरची हवा माहितीच आहे, पापडसुद्धा कडक राहत नाही. ज्या माईकमध्ये कॅप्सूलची तार थेट सर्किटवरच्या एफईटी नावाच्या ट्रान्झिस्टरला जाते, तिथं एक गिगाओमचा रेझिस्टर असतो. कॅप्सूल ५० पिकोफॅरडची धरली तर बास साधारण ३ हर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे चिंताच नाही. पण बोर्डावर बोटाचं तेल, सोल्डरिंगचा राळेचा चिकटा आणि वर दमट हवा बसली की तिथून करंट झिरपायला लागतो, एक गिगाओमचे ५० मेगाओम, म्हणजे विसावा हिस्सा झाला की तोच आकडा ६४ हर्ट्झवर येतो. खर्ज पातळ, सूं वाढलेली, मधेच चिटचिट. लोक म्हणतात कॅप्सूल गेली, नवीन मागवतात, तीपण तशीच! अरे बाबांनो, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड पुसा, तो जोड बोर्डावर न टेकवता हवेत एफईटीच्या पायावर करा, बोट लावू नका, आणि माईक घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, पीठ जातंय जाळीत.

बाकी मॉड पटापट सांगतो. माईकची बॉडी नखानं वाजवून बघा, घंटेसारखी वाजली तर आतून जरा पुटी लावा, फुकटात काम होतंय. जाळी दुहेरी असेल तर आतली काढून बघा, वारा जास्त लागेल पण वरचा आवाज मोकळा होतो. नवीन कॅप्सूल बसवताना उलटी जोडली गेली तर एकटी वाजवताना कळत नाही, जोडीतल्या दुसऱ्याबरोबर मिसळल्यावर बास गायब होतो, तेव्हा तारा तपासा. सोल्डरिंग दोन सेकंदात उरका, उष्णतेनं इलेक्ट्रेटचा चार्ज उडतो. २५ मिलिमीटरची कॅप्सूल त्या बारीक दांड्यात मावणार नाही, तिला तोंडाला रिंग लागते. मी उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमची करून घेतली. ड्रॉइंग दिलं तर मिस्त्री म्हणाले, कुठल्या इंजिनाची हाय ही? माईकची म्हटल्यावर पैसेच घेईनात, म्हणाले पोराचं गाणं रेकॉर्ड करून द्या.

आणि हलगीवाल्यांसाठी एक. सहा मिलिमीटरच्या त्या छोट्या इलेक्ट्रेट कॅप्सूलवर जोराचा आवाज आला की रेकॉर्डिंग फाटतं. स्पीकर डिझाईन करणारे इंजिनिअर झिगफ्रिड लिंकविट्झ यांनी दाखवलेली युक्ती अशी की कॅप्सूलच्या पाठीवरची बारीक पट्टी कापायची, आतल्या एफईटीचा सोर्स नावाचा पाय वेगळा काढायचा आणि आउटपुट तिथून घ्यायचं. लेव्हल कमी येते पण बराच मोठा आवाज सहन करते. पहिल्या दोन-तीन वाया जाणारच, जास्तीच्या मागवून ठेवा.

आता पंखा बंद करा. कागद दिलेत त्यावर अ आणि ब लिहा. एकच तानपुरा, एकाच वेळी दोन माईकवर घेतलाय, लेव्हल जुळवलेली आहे, एक मॉड केलेला आणि एक खोक्यातून काढला तसाच. शेजारच्याच्या कागदात बघू नका. हं, लावतो.