वीस नॉट आणि चार किलोमीटर

नमस्कार श्रोतेहो.

आम्ही दोघं निवृत्तीनंतर परदेशात लांबच्या प्रवासाला जातो ते बोटीनं, आणि बोटीतून उतरलो की पायी. ऐकणाऱ्याला हे जरा विजोड वाटतं. क्रूझ म्हणजे चैन, दिवसभर खाणं आणि रात्री गाणीबजावणी. पायी चालणं म्हणजे पाठीवर ओझं आणि टाचेला फोड. पण मला या दोन गोष्टी एकमेकींना पूरक वाटतात. समुद्र ओलांडायला बोट, देश पाहायला पाय. गडबड होते ती लोक बोटीकडून देश पाहण्याची अपेक्षा करतात तेव्हा.

हिशेब करून पाहा. क्रूझची मोठी बोट साधारण वीस नॉट वेगानं जाते, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. तुम्ही रात्री दहा तास झोपलात, तर तेवढ्यात ती ३७० किलोमीटर जाते. आम्ही पायी ताशी चार किलोमीटर चालतो. बोटीची ती एक रात्र म्हणजे, रोज सहा तास चाललो तरी, आमची पंधरवड्याहून अधिक चाल. सकाळी बोट बंदराला लागते, संध्याकाळी सुटते. मधल्या सात-आठ तासांत लोक बसमध्ये बसून एक चर्च, एक किल्ला आणि एक बाजार उरकतात. त्यांना नावं ठेवत नाही, पण आठवडाभरानं कुठलं चर्च कुठल्या गावचं ते त्यांनाच सांगता येत नाही.

म्हणून आम्ही शोधतो त्या ‘रीपोझिशनिंग’च्या फेऱ्या. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या बऱ्याच बोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अटलांटिक ओलांडून कॅरिबियनकडे जातात आणि साधारण एप्रिलमध्ये परततात. कंपनीला बोट तिकडे न्यायचीच असते, त्यामुळे दिवसाच्या हिशेबानं तिकीट बहुधा स्वस्त पडतं. बंदरं मोजकी, आणि मधे सलग कितीतरी दिवस नुसतं पाणी. ज्यांना रोज नवीन गाव हवं, त्यांनी या फेरीच्या वाटेला जाऊ नये. आम्हाला मात्र ते पाणीच हवं असतं. पश्चिमेकडे जाताना दर एक-दोन रात्रींनी घड्याळ तासभर मागे करायला सांगतात. तो दिवस पंचवीस तासांचा! विमानानं गेल्यावर झोपेचं जे खोबरं होतं, ते इथे होतच नाही. उलट, पूर्वेकडे येताना तेवीस तासांचे दिवस मिळतात आणि सगळी बोट न्याहारीला जांभया देत असते.

बोटीतूनच पाहावी अशी एक जागा मात्र नक्की आहे, पनामा कालवा. १५ ऑगस्ट १९१४ रोजी सुरू झालेला हा कालवा सुमारे ८० किलोमीटर लांब आहे. पाण्याच्या पायऱ्या चढवत बोटीला समुद्रसपाटीपासून २६ मीटर वर ‘गातून’ नावाच्या तलावात नेतात आणि पलीकडे पुन्हा उतरवतात. हे सगळं पंपाशिवाय चालतं. वरच्या तलावाचं गोडं पाणी नुसतं खाली सोडायचं, आणि तो तलाव भरायचा पावसानं. म्हणूनच २०२३ मध्ये तिथे पाऊस रुसला, तेव्हा रोजच्या बोटींची संख्या कमी करावी लागली. आणखी एक गंमत. अटलांटिककडून पॅसिफिककडे म्हणजे आपण पश्चिमेला जाणार असं गृहीत धरतो. पण तिथे जमीन अशी वळलेली आहे की बोट वायव्येकडून आग्नेयेला जाते. आमचे हे डेकवर उभे राहून सूर्य चुकीच्या बाजूला कसा, म्हणून नकाशा उलटा-सुलटा करत होते.

आता पायांकडे येते. स्पेनच्या वायव्य टोकाला सांतिआगो दे कोम्पोस्तेला हे ख्रिस्ती यात्रेचं गाव आहे. युरोपभरातून तिथे वाटा जातात, त्या सगळ्यांना मिळून ‘कामिनो’ म्हणतात. फ्रान्समधून निघणारी प्रसिद्ध वाट पावणेआठशे किलोमीटरहून लांब आहे. आम्ही निवडली ती ‘इंग्रजी वाट’. मध्ययुगात इंग्लंड-आयर्लंडचे यात्रेकरू गलबतानं आ कोरुन्या किंवा फेर्रोल बंदरात उतरत आणि पुढे चालत जात. म्हणजे बोट आणि पाय ही जोडी आमच्या डोक्यातून निघालेली नाही, शतकानुशतकांची आहे! आज आ कोरुन्याला क्रूझ बोटी अगदी गावाला खेटून लागतात. माणसं उतरतात, बसनं सांतिआगोला जाऊन संध्याकाळच्या आत परत येतात.

आम्ही क्रूझ लिस्बनला संपवली आणि रेल्वे-बसनं फेर्रोल गाठलं. कारण सरळ आहे. मधल्याच बंदरात सामान घेऊन उतरायचं तर कंपनीची आधी परवानगी लागते, आणि कधी त्या देशाचा कायदाही आड येतो. अमेरिकेत तर परदेशी झेंड्याच्या बोटीला त्यांच्याच दोन बंदरांमध्ये प्रवासी नेण्यावर १८८६च्या कायद्याची बंधनं आहेत. तेव्हा जिथे चालायचं, त्याच्या जवळपास संपणारी बोट शोधावी. आणि शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, काढणाऱ्यांनी तो अनेक प्रवेशांचा मागावा. बोट मधे मोरोक्कोला डोकावून आली, तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन पुन्हा आत येता. शिवाय १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असतेच.

फेर्रोलहून सांतिआगो सुमारे ११५ ते १२० किलोमीटर. यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हवं असेल, तर किमान १०० किलोमीटर पायी चालावं लागतं आणि यात्रेकरूच्या पुस्तिकेत रोज दोन शिक्के घ्यावे लागतात. आ कोरुन्याहून अंतर ७५च्या आसपास भरतं, म्हणून फेर्रोल. वाटेत पिवळे बाण असतात, दगडावर, भिंतीवर, विजेच्या खांबावर. एलियास बालिन्या नावाच्या पाद्रीबुवांनी १९८०च्या दशकात ते रंगवायला सुरुवात केली. गालिसिया या तिथल्या प्रांताच्या ओल्या निलगिरीच्या रानात, नकाशा भिजलेला असताना, तो बाण दिसला की कुणाला तरी हात जोडावेसे वाटतात.

ओझं शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. मग बोटीवरच्या समारंभी जेवणाचे कपडे कुठे ठेवायचे? स्पेनचं टपाल खातं यात्रेकरूंच्या बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवतं, आणि मोठी बॅग सांतिआगोला सांभाळूनही ठेवतं. काही कडवे चालणारे याला नाक मुरडतात. मुरडू देत, गुडघे त्यांचे नाहीत.

खरी अडचण वेगळीच असते, आणि ती जोडप्यांची असते. बोटीवर केबिन पंधरा-सोळा चौरस मीटरची. तिथे दोघांना एकमेकांपासून थोडं लांब जाता यायला हवं. आम्ही सकाळी वेगवेगळे फिरतो, दुपारी एकत्र जेवतो. वाटेवर नेमकं उलटं होतं. ह्यांची ढांग मोठी. हे पुढे जातात, चढ संपला की दगडावर बसतात, पाणी पितात, चांगला दम घेतात. मी धापा टाकत पोचते आणि हे उठून म्हणतात, “चला!” म्हणजे जो आधीच जोरात आहे त्याला विश्रांती मिळते, आणि जिला हवी तिला ती कधीच मिळत नाही. वाटेतल्या बेतान्सोस गावानंतरच्या चढावर आमचं यावरून कडाक्याचं वाजलं. तेव्हापासून नियम केला, की हळू चालणाऱ्यानं पुढे राहायचं. मागच्याला आपोआप आवर बसतो, आणि पुढच्याला कुणी वाट पाहतंय याचं दडपण राहत नाही. कधी ह्यांना एकट्यानं पळायचंच असलं, तर पुढच्या गावातल्या चर्चच्या दारात भेटायचं ठरवतो. तिथे पोचल्यावर मी बसणार आणि मी उठेन तेव्हाच निघायचं, हे त्यातलं पोटकलम.

पुढचा बेत जपानच्या कुमानो कोदोचा आहे, डोंगरातल्या देवळांना जोडणारी ती जुनी पायवाट. २००४ साली ती जागतिक वारसा ठरली. कामिनो आणि कुमानो या दोन्ही वाटा नियमांप्रमाणे चाललेल्यांची ‘दुहेरी यात्रेकरू’ म्हणून नोंद होते. ह्यांच्या मनात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून बोटीनं जायचं आहे. त्या मार्गावर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना कॅलेंडरातला एक अख्खा दिवस गळतो. मी वेळापत्रक पाहिलं, तर गळणारी तारीख बरोबर आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची निघते. हे म्हणतात, योगायोग आहे. मी आठवडाभर पुढची बोट शोधते आहे.

नमस्कार.